साध्या पाण्याचे जास्तीचे थेंब

लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण हातात आला की मला आर्वीच्या कॉलेजातली प्रॅक्टिकलची परीक्षा आठवते. पृष्ठताण काढायला मी काचेच्या नळीतून पडणारे थेंब मोजत होते. ताण कमी तर थेंब लहान, म्हणून तेवढ्याच मापाला अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याचे थेंब जास्त पडायला हवेत, पण साध्या पाण्याचेच जास्त पडले. तीनदा मोजलं, तरी तेच. माझं डोकंच चालेना. शेवटी पुस्तकातले आकडे लिहिले आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आवरताना लॅबमधले मामा मायेनं म्हणाले, "तुयी परीक्षा हाये म्हणून हे पान्याचं बीकर साबनानं घासून ठेवलं होतं, बेटा." काठावर अजून फेस होता. साबणानं थेंब वाढतात, हे तोंडी परीक्षेत मीच घडाघडा सांगितलं होतं! ते मार्क कशाचे, मला अजून कळत नाही. आता मी शिकवते; एखाद्या पोरीचा आकडा चुकला, की आधी तिचं बीकर हुंगते.