सोन्याला वास नसतो

आमच्या विट्याच्या बाजूला सांगलीच्या एका वकिलांना सगळे 'गप वकील' म्हणत. बोलून पोट भरणाऱ्यांतला हा माणूस, पण दिवसभराचं बोलणं पोस्टकार्डावर मावावं. आमच्याकडची माणसं गलाईला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायला, देशभर गेलेली. त्यांतल्या कुणाला कस्टमचं समन्स आलं, की तो आधी कुलदैवताला नारळ फोडी आणि मग गप वकिलांचा जिना चढे.

आम्हीही चढलो. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, कोइमतूरला गलाईचं दुकान. एका गिऱ्हाइकानं गाळायला दिलेली सोन्याची बिस्किटं परदेशातून चोरून आणलेली निघाली. दादाला ते ठाऊक नव्हतं. खरं एवढंच होतं, आणि सगळा बचाव एवढ्यावरच उभा होता. दुकानाच्या कागदांवर माझंही नाव, म्हणून साताऱ्यात कारकुनी करणाऱ्या मला जबाबासाठी पुण्याला बोलावलं.

"खोटं एक अक्षर बोलायचं नाही," वकील म्हणाले, "आणि विचारलं नाही ते सांगायचं नाही. तिथला जबाब कोर्टात पुरावा होतो."

मग तालीम. टेबलावर बेदाण्याची वाटी. मी जास्तीचं वाक्य बोललो, की ते एक बेदाणा माझ्यापुढे ठेवत. "साताऱ्याहून कसे आलात?" एवढंच त्यांनी विचारलं. मी एसटी, तिची फुटलेली काच, शेजारच्या बाईच्या पिशवीतली कोंबडी आणि मलकापूरला चढलेले व्याही सांगून थांबलो, तेव्हा वाटी रिकामी होती.

"खा आता," वकील म्हणाले. "उत्तर होतं, एसटीनं."

दादा पोट धरून हसला. "आवं वकीलसाहेब, ह्याला टाइम इचारला तर ह्यो घड्याळ कुणी दिलं, तितनं सुरू करतंय!" त्यानंतर दादा तसा हसलेला मला आठवत नाही.

पुण्याचा अधिकारी फार सभ्य निघाला. मी दोन तास हो-नाहीत उत्तरं दिली. माझं मलाच कौतुक वाटायला लागलं होतं. शेवटी चहा मागवून त्यानं सहज विचारलं, "तुमचे दादा कारागीर कसे आहेत?"

"कसे म्हणजे? अहो साहेब, नुसता वास घेऊन सांगतो, सोनं कुठल्या देशाचं!"

त्यानं ते लिहून घेतलं. मी खाली झोकात सही केली.

वकिलांनी माझा जबाब दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "हे खरं आहे?"

"नाही हो. गावात कौतुकानं म्हणतात तसं."

जबाब मागे घ्यायचा अर्ज त्यांनी त्याच बैठकीत लिहिला. तो टिकला नाही. निकाल लागेपर्यंत ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. दादाही एवढंच म्हणाला, "सोन्याला वास नसतुय रं गड्या."

शिक्षा झाली. दादा जामिनावर घरी आहे, अपील पडून आहे, भट्टी कायमची विझली. गावात कुणी बांगडी पुढं करून "दादा, बघा की, कसलं सोनं हाय?" म्हणालं, की तो हात मागे घेतो. "मला न्हाई कळत."

गेल्या वर्षी वकील गेले. त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेलो होतो. उशाशी बेदाण्याची वाटी होती. त्यांनी विचारलं, "दादा कसे आहेत?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हणालो, "गप असतो."

वाटीला त्यांनी हात लावला नाही.