भाऊ कार्यशाळेहून परततात तेव्हा

पारोळ्याजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाचे ग्रंथपाल भाऊ जळगावला किंवा धुळ्याला कार्यशाळेला गेले, की आम्हा रोजच्या वाचकांना धडकी भरते. परतताना ते खांद्यावर नवी कापडी पिशवी आणि तोंडात नवा शब्द घेऊन येतात. मागच्या खेपेला आम्ही सगळे 'युजर' झालो. त्याआधी कपाटं खिडकीपासून भिंतीकडे सरकली आणि आठवड्यात मुकाट्यानं परत आली.

यंदा धुळ्याहून येताच त्यांनी 'शांतता राखा' ही पाटी उतरवली. "कार्यशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, ग्रंथालय बोलतं पाहिजे," असं त्यांनी आम्हाला कुजबुजत सांगितलं. खरं तर जोरात पान उलटलं तरी भाऊ दचकतात.

दुसऱ्याच दुपारी बाजारात भाजी विकणाऱ्या दोघीजणी आत आल्या. एकीला थोडंफार वाचता येत होतं. ती मोठ्यानं, अडखळत बातमी वाचू लागली, दुसरी मध्येच खळखळून हसे.

वाचनालयाच्या कमिटीवरचे नाना उसळले. "भाऊ, पाटी लावा. नाहीतर तुमच्या कार्यशाळा बंद!"

भाऊंचा चेहरा पडला. वाचणारी बाई ओशाळून गप्प झाली. भाऊ टेबलामागून उठले आणि तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"थांबू नको अक्का. वाच, पुढे काय शे?"

नाना पेपर आपटून निघून गेले. बाईचा आवाज पुन्हा चढला. दाढ दुखत असल्यासारखे डोळे मिटून भाऊ बातमी संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.