कोऱ्या कागदावरची सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं सोडून बाकीचं बोलत आले. आणि मी कोण? अख्ख्या बाजारात फटकळ म्हणून ओळखली जाणारी बाई. भाजीवाल्याने मापात मारलं तर चारचौघांत त्याची इज्जत काढणारी. सगळ्यांना वाटतं, हिच्या पोटात काही राहत नाही. राहतं हो. सहा वर्षं राहिलंय.

मधेच थांबले तर थांबू द्या. पण आज सांगणार म्हणजे सांगणार.

आम्ही मूळचे मालवणकडचे. नवरा गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, तो घरी बसला. मग मी शिलाई मशीन बाहेर काढली आणि मुलुंडच्या एका बाजारात, पोलीस चौकीच्या भिंतीला लागून बसायला लागले. वर ताडपत्री, खाली मशीन, ब्लाउज-परकर शिवायचे. पालिकेची गाडी आली की बाकीचे फेरीवाले सामान गोळा करून पळत सुटायचे. माझी ताडपत्री जागची हलायची नाही. का? तर मी चौकीची पंच होते.

पोलीस कुणाच्या घराची झडती घेतात तेव्हा बाहेरची दोन माणसं बरोबर न्यावी लागतात. त्यांच्या डोळ्यांदेखत काय सापडलं ते लिहायचं आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या. पोलिसांनी काही भलतंसलतं करू नये म्हणून ही दोन माणसं. कायदा असा आहे. आमच्या चौकीची रीत वेगळी होती. पहिल्या दोन-तीन वेळा गेले मी इमानाने. मग शिवणाचा खोळंबा व्हायला लागला. तेव्हा कदम हवालदारच म्हणाले, "मावशी, तुम्ही कशाला उन्हात पायपीट करता? इथंच सही द्या, वरचं मी भरतो." तेव्हापासून कोरा कागद मशीनच्या फळीवर यायचा, मी तळाशी सही करायचे आणि पुन्हा मशीनचं पायडल मारायला लागायचे. बरं वाटायचं हो मला! आपल्यावाचून पोलिसांचं अडतं म्हणून मिरवायचे सुद्धा.

आता सुमन. जालन्याकडची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, नवरा वारलेला. कांजूरमार्गला एका खोलीत एकटी राहायची आणि मुलुंडला येऊन सोसायटीत चार घरची धुणीभांडी करायची. आधी गिऱ्हाईक म्हणून आली, मग रोजची झाली. दुपारी कामं आटोपली की माझ्या ताडपत्रीखाली बसायची, काजं-बटणं करू लागायची, न सांगता. एकदा तिच्या बहिणीच्या लग्नाचा ब्लाउज पोचवायला मी तिच्या खोलीवर गेले. तिने मला एकुलत्या एक खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसून गरम भाकरी करून वाढली. "मावशी, माहेरचं कुणी आल्यासारखं वाटलं," म्हणाली.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. तिच्या एका मालकिणीची सोन्याची चेन हरवली. सुमनला सकाळी चौकीत आणलं. कसली नोंद नाही, बाई पोलीस नाही. कायद्याने हे चालत नाही, मला पक्कं ठाऊक होतं, इतकी वर्षं तिथेच बसत होते ना? फौजदारसाहेब आत गेले. थोड्या वेळाने पट्ट्याचा आवाज यायला लागला. तळपायावर मारत होते, म्हणजे वळ दिसत नाहीत. आणि सुमन ओरडायला लागली. काय ओरडत होती, सांगू? — "मावशी!" भिंतीच्या अलीकडे मी आहे, हे तिला माहीत होतं.

मी काय केलं?

मशीन चालवली. जोरात. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिला झडतीसाठी तिच्या खोलीवर नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कदम हवालदार कागद घेऊन आले. कोराच. कुणाचा म्हणून मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे माहीत नव्हतं असं समजू नका. मी सही केली. दुसरी सही पानवाल्याची. नंतर कळलं, त्यावर काय लिहिलं गेलं ते — आम्हा पंचांच्या समक्ष सुमनच्या खोलीतल्या पिठाच्या डब्यातून चेन निघाली. चेन कुणी ठेवली, कधी ठेवली, मला काय ठाऊक? मी ताडपत्रीखाली होते.

पण सुमन धीट निघाली. माझ्यापेक्षा कितीतरी धीट. मॅजिस्ट्रेटसमोर उभी केल्यावर तिने चप्पल काढून सुजलेले पाय दाखवले. साहेबांचं नाव घेऊन सांगितलं. मग साहेबांचीच चौकशी लागली. एक मोठे अधिकारी आले. चांगले होते हो ते. मला खुर्ची दिली, कदमांना बाहेर काढलं आणि म्हणाले, "बाई, घाबरू नका. झडतीच्या वेळी तुम्ही होता का?" म्हणजे खरं विचारणारं कुणी नव्हतं, हेही मला म्हणता यायचं नाही. मी "नाही" म्हटलं असतं तर झडती खोटी ठरली असती, सुमन सुटली असती आणि साहेबांची वर्दी उतरली असती. एक शब्द. मी म्हटलं, "होते."

मग कोर्टात तारीख लागली. सुमनचा वकील पोरगेलासा होता, पण हुशार. त्याला संशय आलाच होता. त्याने मला पिंजऱ्यात उभं करून विचारलं — खोलीचं दार कुठल्या बाजूला? मोरी कुठे? डबे कशावर? आत गेलीच नसेल तर बाई अडकेल, असा त्याचा हिशेब. आणि मी घडाघडा सांगितलं. दार पूर्वेला, मोरी डाव्या हाताला, वर फळी, फळीवर तीन डबे, मधला पिठाचा. सांगणारच ना! त्याच डब्यातलं पीठ काढून तिने मला भाकरी केली होती. वकील खाली बसला. सुमन माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी.

तिला चार महिन्यांची शिक्षा झाली. चोर बाई सूडापोटी बोलते म्हणून साहेबांवरची चौकशी बंद झाली. पुढे त्यांना बढती मिळाली.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. हा आहेच. पण मला रात्रंदिवस जे खातंय ते याच्यानंतरचं आहे.

सुटून आल्यावर सुमन माझ्याकडे आली. भांडायला येईल म्हणून मी चार शब्द तयार ठेवले होते, मला काय, तोंडाला धार आहे. ती भांडली नाही. अर्धी झाली होती, अंगातला ब्लाउज लोंबत होता. खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू? मला त्या दिवशी खोलीवर नेलं तेव्हा तुम्ही कुठे दिसला नाहीत. पण तुम्ही कोर्टात सगळं बरोब्बर सांगितलंत. तुम्ही खोटं बोलणार नाही. मग मीच बघितलं नाही का? मार खाऊन माझं डोकं फिरलं होतं का, मावशी?"

त्या वेळी तिथे साहेब नव्हते. कदम नव्हते. तिची शिक्षा भोगून झाली होती. कुणाची भीती होती मला? कुणाचीच नाही. आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला — या हाताने — आणि म्हटलं, "होते गं मी. मागे उभी होते. तुला शुद्ध कुठे होती?"

तिने मान हलवली. "तरीच," म्हणाली. मी तिचा ब्लाउज आत घेऊन दिला. तेव्हापासून ती लोकांना सांगते, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चेन खरंच आपल्याच हातून आली असेल का, असंही एकदा म्हणाल्याचं मी कानांनी ऐकलं. पोलिसांनी तिचे पाय फोडले. तिचा स्वतःवरचा भरवसा मी घालवला.

गेल्या आठवड्यात स्टॅम्पपेपर आणला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी स्वतःच्या हाताने लिहिलं. या वेळी वरचं सगळं मीच भरलं आणि मगच खाली सही केली. साहेबांचं नाव इथे घेत नाही, जिथे घ्यायचं तिथे पूर्ण घेतलंय, हुद्द्यासकट. कदमांचंही. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल मला आत टाकतील, हे ठाऊक आहे. टाकू देत. जागा जाईल. जाऊ दे. हा कागद सोमवारी कोर्टात जाणार.

पण त्याआधी उद्या सकाळी मी कांजूरमार्गला जाणार. खाटेवर बसणार नाही. दारातच उभी राहून सांगणार, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने — सुमन, तुझं डोकं ठिकाणावर होतं. मी तिथे नव्हते.