हिसाएवहिनीचं मत

आमच्या सागिहामा बंदरात सायकलला कुलूप लावणारा माणूस बाहेरगावचा समजला जायचा. त्यामुळे हिसाएवहिनीला कोर्टाचं बोलावणं आलं, तेव्हा माझा भाऊ तोकुजी हसतच सुटला. "कोणाची तरी मासळी मांजरानं पळवली असेल. जा, चांगली अद्दल घडव त्याला!"

वहिनीचं केस कापायचं दुकान. मीही तिच्याच हाताखाली शिकले. पलीकडच्या खाडीवर एका घरात तिघांचा खून झाला होता: म्हातारा, म्हातारी आणि त्यांची लेक. मारणारा मोरिवाकी, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्या लेकीनं त्याला लग्नाला नकार दिला होता. असल्या खटल्यात न्यायाधीशांच्या जोडीला साधी माणसंही बसतात, सोडतीनं निवडलेली, आणि शिक्षेवर मतही देतात. वहिनीचं नाव त्यांत निघालं.

निकाल लागला त्या संध्याकाळी ती घरी आली आणि बूट न काढताच दारातल्या पायरीवर बसून राहिली.

"फाशी सुनावली म्हणे," दादा म्हणाला. "तू काय म्हणालीस गं?"

"आत काय बोललो ते मरेपर्यंत सांगायचं नाही. कायदा आहे."

"नवऱ्यालासुद्धा?"

"नवऱ्याला तर मुळीच नाही. उद्या मासळीबाजारभर होईल."

पण तिला हसू आलं नाही. तिला आधार एकच होता. निकाल वाचून झाल्यावर मुख्य न्यायाधीशांनी स्वतःच मोरिवाकीला सांगितलं होतं, अपील कर. "वरचे लोक बघतील," ती मला म्हणायची, "आमचं चुकलं असेल तर ते दुरुस्त करतील." वकिलानं अपील केलंही. मोरिवाकीनं ते मागे घेतलं. पेपरात चार ओळी आल्या. त्या दिवशी वहिनी जेवली नाही.

पुढं काही वर्षं गेली. आमच्याकडे फाशीची तारीख आधी कोणालाच सांगत नाहीत, ज्याला द्यायची त्यालासुद्धा त्याच सकाळी कळते. वहिनी बर्फविक्या गोन्दाकाकांची दाढी करत होती आणि दुपारच्या बातम्या लागल्या होत्या. मोरिवाकीचं नाव आलं.

"सुटली एकदाची ब्याद," गरम टॉवेलाखालून काका म्हणाले. "काय हिसाए?"

तिनं वस्तरा खाली ठेवला. "चिझुरू, काकांचं तू पुरं कर," म्हणाली आणि मागच्या दारानं निघून गेली.

आठवड्यानं तिनं मला गाडी काढायला लावली. मोरिवाकीची आई दोन बंदरं सोडून पलीकडे राहायची. अंगणात दोरीवर माकूल मासे वाळत घातले होते. म्हातारीनं वहिनीकडे नुसतं पाहिलं आणि ओळखलं.

"तुम्ही डावीकडून दुसऱ्या," ती म्हणाली. "मी रोज मागच्या बाकावर असायचे. फोटो दाखवले तेव्हा तुम्ही रडलात."

"हो."

"मला वाटलं, ही रडतेय म्हणजे ही नाही म्हणेल."

वहिनी तिथंच ओल्या मातीत गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"उठा, उठा," म्हातारी घाईनं म्हणाली. "मीही असंच कपाळ टेकलं होतं, त्या तिघांच्या नातेवाइकांपुढे. त्यांनी दार उघडलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं." मग तिनं आम्हाला चहा दिला. तुरुंगातून फोन आला तो सगळं झाल्यावर, हे सांगितलं. मुलाला लहानपणी पाण्याची भीती वाटायची, हेही सांगितलं. निघताना वहिनीच्या हातात माकुलाची पुडी ठेवली. "आता पुन्हा येऊ नका. तुम्ही आलात की मला कोर्ट आठवतं."

गाडीत वहिनी पुडी मांडीवर घेऊन बसली होती.

"तिनं विचारलंच नाही," ती म्हणाली. "मी काय मत दिलं ते. विचारलं असतं तर सांगणार होते. कायदा गेला खड्ड्यात."

"वहिनी, ती तिघंही कोणाची तरी होतीच ना?"

"त्यांनाच बघून मत दिलं. ही बाई मागं बसलीय, हे मला माहीत नव्हतं." मग म्हणाली, "माहीत असतं तरी तेच दिलं असतं बहुतेक. तेच तर झोपू देत नाही."

एवढं बोलून तिनं कायदा मोडलाच होता. माकूल दादानं भाजून खाल्लं. तिनं तोंडाला लावलं नाही. दुकान अजून चालू आहे. ती केस कापते. दाढ्या सगळ्या माझ्याकडे आल्या, आणि गोन्दाकाका कुरकुरतात की माझा हात जड आहे.