रिम्मानं पुन्हा गायलेलं गाणं

गायला उभं राहण्याआधी रिम्मा एसी बंद करायची. दुबईत, ऑगस्ट महिन्यात, पत्र्याच्या गोदामात. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका फर्निचर फॅक्टरीच्या मागे आमच्या बँडची रिहर्सलची खोली होती. पहिल्या दिवशी ती आली ती कुणाशी हॅलो नाही की काही नाही, सरळ भिंतीपाशी गेली आणि बटण दाबून मोकळी झाली. “घाम पुसायला टॉवेल आहे,” ती तुटक्या इंग्रजीत म्हणाली, “आवाज गेला तर काय पुसणार?” आमचा ड्रमर कपाळाला हात लावून “मर गए” म्हणाला. तिला शब्द कळला नाही, भाव कळला. “यल्ला, यल्ला,” चला चला, म्हणत तिनं माइक हातात घेतला.

मी सावंतवाडीचा. अठरा वर्षं दुबईच्या हॉटेलांतून कीबोर्ड वाजवतोय. दुपारचे ब्रंच, लग्नं, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या, सगळीकडे. गायक-गायिका खूप पाहिल्या, पण एवढ्या मोठ्या गळ्याची बाई आमच्या वाट्याला कशी आली हे कोडंच होतं. मॅनेजर एवढंच म्हणाला, “तिकडे रशियात ती स्टेडियम भरायची. आता इथेच असते.” का असते, ते त्यानं सांगितलं नाही.

ते मला घरी कळलं. आम्ही अल मनखूलला राहतो. माझी मुलगी रेवा तेव्हा दहावीत होती. मी नाव सांगताच तिनं फोनवर शोधलं आणि म्हणाली, “बाबा, शी इज टोटली कॅन्सल्ड. लाइक, बोथ साइड्स हेट हर.”

हकीकत अशी होती. उरल पर्वतातल्या एका खाणीच्या गावात रिम्मा वाढली. आई खाणीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. एकोणिसाव्या वर्षी पहिलं गाणं गाजलं आणि मग वीस वर्षं ती गाजतच राहिली, गाण्यांनी आणि भानगडींनीही. दुप्पट वयाच्या उद्योगपतीशी लग्न, टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याच्याच तोंडावर काडीमोडाची घोषणा, धर्मगुरूंनी नावं ठेवलेले कपडे. लोक शिव्या देत आणि तिकिटं काढत. मग युद्ध सुरू झालं. मोठ्या मैदानावर, झेंड्यांच्या गर्दीत, रिम्मानं सैनिकांसाठी एक गाणं गायलं. ते देशभर वाजलं. वर्षाच्या आत तिच्या बहिणीचा मुलगा त्याच युद्धात मारला गेला. पुढच्याच कार्यक्रमात लोकांनी त्या गाण्याची फर्माईश केली, तेव्हा तिनं वादकांना थांबवलं आणि म्हणाली, “हे गाणं मी गायला नको होतं.” एवढंच वाक्य. आठवड्याभरात तिचे सगळे कार्यक्रम रद्द झाले, आणि महिन्याभरात ती दुबईत होती. तिच्या देशात ती गद्दार ठरली. ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते त्यांच्या लेखी मात्र ती ते गाणं गाणारी बाईच राहिली.

आमच्या बँडमध्ये त्या दुसऱ्या बाजूची एक जण होती. ओक्साना, युक्रेनची, व्हायोलिन वाजवायची. रिम्मा येणार हे मॅनेजरनं तिला सांगितलंच नव्हतं. पहिल्या रिहर्सलच्या मधल्या सुट्टीत रिम्मानं तिला विचारलं, “तू कुठल्या शहरातली?” ओक्सानानं सांगितलं. रिम्माचा चेहरा उजळला. “मी दोनदा गायले आहे तिथे. काय लोक होते! तो नदीकाठचा हॉल...”

“तो हॉल आता नाही,” ओक्साना म्हणाली. तिनं व्हायोलिन पेटीत ठेवलं, कड्या लावल्या आणि निघून गेली.

मॅनेजर दुसरा व्हायोलिनवाला शोधायला लागला, तर रिम्मानं हात वर केला. “नाही. तिची जागा तिचीच. खुर्ची हलवायची नाही.” ती होती ते आठ महिने आम्ही व्हायोलिनशिवाय वाजवलं. कार्यक्रम कुठेही असो, एक रिकामी खुर्ची मांडलेली असायची. हा पश्चात्ताप होता की नाटक, यावर आमच्यात वाद व्हायचे. ड्रमर म्हणायचा, “अरे, स्टार लोगों का ड्रामा है.” मला अजूनही नक्की सांगता येत नाही.

तिच्याशी वागणं सोपं नव्हतं. एक सूर चुकला तर सगळ्यांसमोर बोलायची. मला ‘मायेस्ट्रो’, म्हणजे उस्ताद, म्हणायची, पण त्यात मान किती आणि टोमणा किती हे त्या दिवसावर अवलंबून. डोळ्यांत पाणी आलं की स्वतःलाच दरडावायची, “सिंग फर्स्ट, क्राय आफ्टर.” नंतर ती रडायची की नाही, आम्हाला कधी दिसलं नाही.

एका शनिवारी ती आमच्याकडे जेवायला आली. सुप्रियानं, माझ्या बायकोनं, सुरमई तळली होती आणि सोलकढी केली होती. तो गुलाबी रंग पाहून रिम्मा खुर्चीतून उठलीच. “बीट? माझ्या आईच्या सूपसारखं?” मी कोकम समजावून सांगायला गेलो, पण तिनं ऐकलं नाही. आईला व्हिडिओ कॉल लावला आणि वाटी कॅमेऱ्यापुढे धरली. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी. तिनं वाटी पाहिली, मला पाहिलं, सुप्रियाला पाहिलं आणि काहीतरी विचारलं. रिम्मा हसली. “आई विचारते, ही माणसं चांगली दिसतात, यांना माहीत आहे ना तू कोण आहेस?”

सुप्रियानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “सांगा त्यांना, माहीत आहे. भात घे म्हणावं आता.”

ती गेल्यावर मात्र सुप्रिया म्हणाली, “अहो, हिला आईजवळ जायचंय. बाकी सगळं वरवरचं आहे.”

हिवाळ्यात एका व्हिलात दुपारची पार्टी होती. यजमान रशियन. जेवणाआधी त्यानं ग्लास उंचावून त्याच गाण्याची फर्माईश केली. रिम्मा म्हणाली, “ते गाणं माझ्याकडे नाही.” तो हसला, त्याला वाटलं नखरा आहे. त्यानं पुन्हा मागितलं, ती पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा तो हसला नाही. अर्ध्या तासात आम्ही सामान उचलून मागच्या दारानं बाहेर. व्हॅनमध्ये ती माझ्या शेजारी बसली. मला तिची समजूत काढावीशी वाटली. म्हणालो, “तेव्हा तुमच्यावर जबरदस्तीच झाली असणार. लोकांना ते समजायला हवं.”

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. “कुणी जबरदस्ती केली नाही, मायेस्ट्रो. मी ते मनापासून गायले. मला ते खरं वाटत होतं. तुम्ही चांगले लोक मला माफ करायला कारणं शोधता. माझ्याकडे कारण नाही.”

मार्चमध्ये तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. रिम्मा परत गेली असती तर विमानतळावरच अडवली गेली असती, असं तिला वकिलानं सांगितलं होतं. पण चार दिवसांनी तिकडच्या एका कार्यक्रमवाल्याचा फोन आला. वाट निघू शकते, तो म्हणाला. तिनं तेच गाणं पुन्हा गाऊन व्हिडिओ टाकायचा. आधी दोन वाक्यं बोलायची: मी चुकले, देशानं मला क्षमा करावी. मग खुशाल यायचं, आईला भेटायचं, आणि नंतर एका कार्यक्रमात स्टेजवर तेच गायचं. खलास.

तिनं मला फोन केला. “उद्या सकाळी दहा वाजता. फक्त पियानो. नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही.”

मला नाही म्हणता आलं असतं. बँडमधल्या दोघांनी तर मला सांगितलंही, या भानगडीत पडू नकोस. मी सुप्रियाला विचारलं. ती टिफिन भरत होती, तिला सिलिकॉन ओएसिसला ऑफिसला निघायचं होतं. “चूक आहे हे,” ती म्हणाली. झाकण लावलं. “पण आई आहे तिची. वाजवा तुम्ही.”

दहा वाजता एसी बंद झाला. कॅमेरावाला एकच. रिम्मानं त्याला बजावलं, “मायेस्ट्रो दिसता कामा नये. हातसुद्धा नाहीत.” तिनं ती दोन वाक्यं पाठ केलेल्या कवितेसारखी म्हटली. मग माझ्याकडे मान हलवली.

खरं सांगतो, तिनं ते वाईट गावं असं मला फार वाटत होतं. कुठेतरी कंप, कुठेतरी अनिच्छा, एखादा मुद्दाम सैल सोडलेला सूर. म्हणजे मला मनात म्हणता आलं असतं की बघा, हिचं मन नव्हतं. पण रिम्माला वाईट गाता येत नव्हतं. तिनं ते गाणं असं गायलं की माझ्या अंगावर काटा आला आणि त्या काट्याची मला लाज वाटली. शेवटचा सूर विरला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. “दुसरा टेक नको,” म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. दारात थांबून मला म्हणाली, “हे माझं आहे. तुझं नाही. लक्षात ठेव.”

तिसऱ्या दिवशी ती गेली. नंतर तिचा एकच मेसेज आला: आई अकरा दिवस होती. तिनं मला ओळखलं. पुढे मी पाठवलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही, आणि मग तो नंबरच बंद झाला. मे महिन्यात रेवानं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मोठं मैदान, झेंडे, आणि मधोमध पांढऱ्या कोटातली रिम्मा, तेच गाणं गात असलेली. माझ्याकडे बघून रेवानं फोन उलटा ठेवला.

जूनमध्ये ओक्साना बँडमध्ये परत आली. पहिल्या रिहर्सलला ती आणि मी दोघंच वेळेवर पोचलो होतो. तिनं पेटी उघडली, गजाला राळ लावली आणि वर न बघता म्हणाली, “तिच्या त्या माफीच्या व्हिडिओत पियानोवर तू होतास.”

मी वायर लावता लावता थांबलो. तिनंच पुढे सांगितलं, “तुझा डावा हात किंचित उशिरा येतो. पाच वर्षं तुझ्या शेजारी बसलेय मी.”

“हो,” मी म्हणालो. “मीच होतो.”

तिनं राळ पेटीत ठेवली. मला वाटलं, आता पेटी बंद करून ही पुन्हा निघून जाणार, आणि या वेळी माझ्यामुळे. पण आईच्या आजाराचं तिला ड्रमरनं सांगितलेलं होतं; तिनं विचारलं, “आई भेटली का तिला?”

“भेटली. अकरा दिवस.”

तिनं मान हलवली. “बरं झालं,” ती म्हणाली. मग व्हायोलिन खांद्याला लावत शांतपणे म्हणाली, “पण ती समोर आली तर मी आजही उठून जाईन. हे तुला माहीत असू दे.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

ती सूर जुळवायला थांबली होती. मी पट्टी दाबून तिला सूर दिला.