ताटली वाजवा, मग बोला

आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहणारे शाळेचे सर म्हणजे, तोंडात आलेलं उत्तर काहीतरी वाजवल्याशिवाय बाहेर न सोडणारा आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावातला, आणि माझ्या मते जगातला, एकमेव माणूस. बायकोनं चहाचं विचारलं तरी आधी बशीवर चमचा वाजवतात, मगच ‘हो’ म्हणतात. “प्रश्नमंजुषेत जो आधी वाजवंल त्याचंच उत्तर धरतात, काकू. येतं सगळ्यांलाच, हात उठत न्हाई.” हे ते नेमकं माझ्याकडे बघून का म्हणत, कोण जाणे. शाळेत असताना उत्तर आलं की मी ओढणीचं टोक चघळत बसायची. शेजारणीला शाबासकी देऊन बाई मोकळ्या होत, आणि मी घरी येऊन तेच उत्तर गोठ्यातल्या म्हशीला ठणकावून सांगायची. म्हैस काही शाबास म्हणाली नाही. माझी नात थेट माझ्याच वळणावर गेलेली, म्हणून सर शाळेत प्रश्नमंजुषेच्या तयारीचा तास घेणार म्हटल्यावर त्याकडे माझं भारी लक्ष.

तो तास मिळवायला सर हेडमास्तरांच्या मागे सावलीसारखे फिरले. वेळापत्रकात जागाच नव्हती. शेवटी खिचडीच्या आधीचा कार्यानुभवाचा तास मिळाला, तोही ‘जमलं तर ठेवू’ या बोलीवर. शाळेत बझर नव्हता, तेव्हा सरांनी स्पर्धेच्या पोरांना खिचडीच्या ताटल्या आणि चमचे वाटले. पहिला प्रश्न पडला, ताटल्या वाजल्या, आणि सबंध शाळा वर्ग सोडून हात धुवायला नळावर! पहिलीची लेकरं तर मांडी घालून रांगेत बसलीसुद्धा. खिचडीवाली बाई डाव घेऊनच धावत आली, “आत्ता डाळ टाकून राहिले मी! कोणं बोलावलं यायला?” हेडमास्तर म्हणाले, “सर, तुमचा तास बंद.” सरांनी तिथल्या तिथे हातातली ताटली वाजवली. “सर, खिचडीनंतर ठेवू. पोट भरल्यावर ताटलीला कोण भुलंल?” हेडमास्तरांना हसू आवरेना. तास वाचला.

मग धुतलेल्या ताटल्या घेऊन पोरं लिंबाखाली बसू लागली. नात बरेच दिवस नुसता चमचा धरून बसायची. सर तिच्यापाशी थांबत, “वाजव बाई, ताटलीला दुखत न्हाई.” हिंगोलीच्या स्पर्धेत मात्र तिनं खराखुरा बझर असा मुठीनं हाणला, की परीक्षकांपुढचं पाणी सांडलं. दुसरा नंबर आला. आता घरी भाजी नको असली तरी ती ताटली वाजवूनच सांगते.

परवा आम्ही आजी-नात जेवत होतो, तर सर येऊन उंबऱ्यावर टेकले. “काकू, एक प्रश्न. औंढा तालुक्यात पूर्णेवर धरण कोणतं?”

उत्तर येत होतं. सवयीनं पदराचं टोक तोंडाकडे निघालं. नातीनं माझीच ताटली माझ्यापुढे सरकवली. “आज्जी, वाजव की! काहून थांबून राहिलीस?”

मी वाजवली. “सिद्धेश्वर!”

“बराबर,” सर म्हणाले. “तिथंच बदली झाली माझी.”

उभ्या जन्मात पहिल्यांदा वाजवून उत्तर दिलं, आणि ते चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

नातीनं हळूच विचारलं, “सर, मंग आपला तास?”

सरांनी ताटलीकडे बघितलं. वाजवली नाही.