लेचेच्या चर्चमध्ये चांदीचे डोळे

“तिला नगा सांगू, भावजी. येवढ्या लांब एकटी हाय पोरगी, उगं रडत बसंल.”

आईला वाटलं होतं, माझ्याशी बोलून झाल्यावर काकांनी फोन बंद केला. तो चालूच होता. विट्याच्या दवाखान्यातलं सगळं मला इटलीतल्या लेचे शहरात, एका जुन्या चर्चच्या पायरीवर स्वच्छ ऐकू येत होतं. आप्पांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि दिसेलच अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. मागून आप्पा म्हणाले, “येक ऱ्हातोय की! तुझ्याकडं बघायला तेवढा बास.” आई हसली नाही.

मी पर्समधली कागदी पुडी चाचपली. आप्पांचं आयुष्य सोनं गाळायच्या भट्टीपुढे गेलेलं. डोळे अधू होत चालले म्हणून आईने गावच्या देवीला चांदीचे डोळे कबूल केले होते, आणि ते लेकीच्या हातानेच वाहायचे हा तिचा हट्ट. इकडे शिकायला निघाले तेव्हा तिने ते माझ्या हाती दिले. पण विमानतळावर सोडणाऱ्या गाडीत कॉलेजच्या मैत्रिणी होत्या. इंग्रजी शाळेत वाढलेल्या मला त्यांच्यासमोर ‘देवळापाशी थांबा’ म्हणायची लाज वाटली. आई समजत होती, डोळे कधीच वाहून झाले.

काही सुचेना म्हणून समोर बघत राहिले. मधाच्या रंगाच्या त्या दगडावर कारागिरांनी वीतभर जागा मोकळी सोडली नव्हती. डाळिंबं, द्राक्षं, पंखांची बाळं, सज्जा खांद्यावर पेलून वाकलेली माणसं. इतकं सगळं कुणासाठी कोरलं असेल, या कुतूहलानेच मी आत गेले.

आत एका कोनाड्यात संत बाईंची मूर्ती होती. हातात तबक, तबकात दोन डोळे. शेजारी काचेआड लोकांनी नवसाचे वाहिलेले चांदीचे डोळे टाचलेले, थेट आमच्या सोनाराने ठोकल्यासारखे! मी पुडी सोडून आपले डोळे तिथे ठेवणार, तोच फुलं बदलणाऱ्या एका म्हातारीने माझं मनगट धरलं. मी भाषांतरासाठी फोन पुढे केला. “हे कुणाला कबूल केलेत?” तिने विचारलं. “माझ्या गावच्या देवीला.” ते वाचून तिने माझी मूठ मिटवली. “मग ते तिचेच. इथे नुसतं माग.” आणि फुलांची बादली सरकवून मला जागा करून दिली.

ती कोण होती, मी शोधलं नाही. पुढे सुट्टीत येऊन आईला सगळं सांगितलं आणि डोळे देवीला वाहिले. आप्पांना उजव्या डोळ्याने आज माणसाची आकृती तेवढी कळते. जेवढं मिळालं त्यासाठी, आणि चूक घेऊनही देवाजवळ जाता येतं हे दाखवणाऱ्या त्या बाईसाठी, मी रोज हात जोडते.

त्या दिवशी मात्र पुढचं काहीच माहीत नव्हतं. मी गुडघे टेकले आणि आईच्याच बोलीत, आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “देवीआई, माझ्या आप्पांना दिसू दे. आन् न्हाईच दिसलं, तर त्यांच्याजवळ बसायचं बळ मला दे.”